मनीचा खांब

आमच्या मांजरीनं, मनीनं, सोफ्याचा उजवा हात फाडून कापूस बाहेर काढला, तेव्हा तिच्यासाठी मी ओरबाडायचा पहिला खांब केला. 60 सेंटिमीटर उंच पाइप, त्यावर निळं मखमली कापड, खाली 25 सेंटिमीटरची चौकोनी प्लायवूडची पाटी. दिसायला देखणा होता. मनी मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे पंजे वर रोवले, जोर लावून ओढलं आणि अख्खा खांब तिच्या अंगावर आला. पुन्हा ती त्याच्याकडे फिरकली नाही. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी तो हातात घेऊन नुसता तोलला आणि विचारलं, "खाली वजन कुठंय याला?"

मांजर खोडी म्हणून ओरबाडत नाही. तिचं नख कांद्यासारखं थरांनी वाढतं. वरचा थर झिजला की तो टरफलासारखा सुटावा लागतो, आणि ओरबाडताना तो सुटतो. सोफ्याखाली झाडताना नखाच्या आकाराची पोकळ, पांढुरकी सालं सापडतात ती हीच. बसल्या जागी मांजरीची नखं आतच असतात, कारण एक लवचिक बंध त्यांना मागे धरून ठेवतो. ती बाहेर काढायलाच स्नायूंना कष्ट पडतात. म्हणून ओरबाडणं हा या स्नायूंचा व्यायामही असतो. शिवाय तिच्या पंज्यात गंधग्रंथी असतात. खांबावर उमटलेल्या ओरखड्यांबरोबर तिचा वासही तिथे राहतो. घरातला तो कोपरा आपला आहे, हे ती अशी लिहून ठेवते.

झोपेतून उठल्यावर तिला सगळं अंग ताणून ओरबाडायचं असतं. त्यासाठी खांब निदान 90 सेंटिमीटर उंच हवा आणि जागचा हलता कामा नये. माझा खांब का पडला, त्याचा हिशेब सोपा आहे. खांबाचं वजन गुणिले पाटीची निम्मी रुंदी, भागिले मांजर जिथे पकडते ती उंची; येईल तेवढ्या ओढीला खांब कलंडतो. माझा खांब दोन किलोचा, पाटीची निम्मी रुंदी साडेबारा सेंटिमीटर, मनीचे पंजे 50 सेंटिमीटरवर. म्हणजे अवघ्या अर्ध्या किलोची ओढ त्याला आडवं करायला पुरेशी होती. मनीचं स्वतःचं वजन चार किलो आहे.

दुसऱ्या खांबाला सुतारकाकांनी सुचवलं तसं प्लायवूडखाली शहाबादी फरशीचा तुकडा बसवला. 40 सेंटिमीटर चौरस आणि अडीच सेंटिमीटर जाड फरशी भरते साधारण दहा किलो. पाइप, दोरी आणि प्लाय धरून खांब चौदा किलोच्या आसपास गेला. आता 75 सेंटिमीटरवरून साडेतीन किलोची ओढ बसली तरी तो ढिम्म राहतो. फरशीच्या कडा पॉलिशपेपरनं घासून घेतल्या आणि तिचा करडा रंग तसाच ठेवला. मखमलीपेक्षा तो कितीतरी शोभून दिसतो.

दोरीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. सुतळी मऊ असते, तिची लवकर लक्तरं होतात. नायलॉनवरून नख सरकतं. हार्डवेअरच्या दुकानात सिसलची दोरी मिळते, ती घ्या. सिसल म्हणजे आपल्या बांधावरच्या घायपाताचीच एक जात. तिच्या पानांतला चिवट, खरखरीत धागा नखाला बरोबर पकड देतो. लांबी आधी मोजून घ्यावी. माझा पाइप सांडपाण्याचा, 110 मिलिमीटरचा होता. दोरीच्या जाडीसकट एका वेढ्याला 37 सेंटिमीटर लागतात. आठ मिलिमीटरच्या दोरीचे 80 सेंटिमीटरमध्ये शंभर वेढे बसतात, म्हणजे 37 मीटर झाले. दोरी कोरडीच गुंडाळा. ओली असताना ती आखूड होते, मग वाळली की सगळे वेढे सैल पडतात. गुळगुळीत पाइपवर सुताराचा पांढरा गोंद धरत नाही, म्हणून वर-खाली भोकं पाडून दोरीची टोकं आत ओढावीत आणि आतच गाठ मारावी.

टोक लोंबतं ठेवू नका, हे मी कळकळीनं सांगते. मांजरीच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात. धागा एकदा जिभेवर आला की तिला तो थुंकता येत नाही, गिळतच जावं लागतं. पुढे आतडं त्या धाग्यावर नाडीच्या चुणीसारखं गोळा होतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजर चित्रातच बरं.

खांबाशेजारी एक खोका ठेवा, याला खर्च काहीच नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यात नव्यानं आलेल्या 19 मांजरांवर केलेला अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या दहांना लपायला पेटी दिली होती, नऊ जणांना नव्हती. पहिल्या काही दिवसांत पेटीवाल्या मांजरांचा ताण स्पष्टपणे कमी दिसला. उबेचं कारणही आहेच. मांजरीच्या शरीराला 30 ते 38 अंश सेल्सिअस तापमान सुखाचं वाटतं आणि पन्हळी पुठ्ठ्यात कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. खोक्याच्या पिना तेवढ्या उपटून टाका.

आत अंथरायला जुन्या लुगड्याची गोधडी उत्तम, पण ट्रंकेतली गोधडी आधी धुऊन कडक उन्हात घाला. डांबराच्या गोळ्या मांजरांना विषारी असतात. फिनाईलनं पुसलेल्या फरशीवरही तिला लगेच सोडू नका. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्यासाठी यकृताला जे विकर (एन्झाइम) लागतं, ते बनवणारं जनुक मांजरकुळात निकामी झालेलं आहे. ती पाय चाटते आणि ते विष पोटात जातं. पॅरासिटामॉलची गोळी मांजरीच्या जिवावर उठते, ती याच कारणानं.

घरात कुत्रा असेल तर त्याच्यासाठी नवारीची छोटी बाज करा. कडक फरशीवर पडून मोठ्या कुत्र्यांच्या कोपरांना घट्टे पडतात. घामाचा त्याला फारसा उपयोग नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. बाजेखालून हवा खेळली की पोटाची उष्णता निघून जाते. मात्र जेवणाच्या भांड्यांसाठी उंच, देखणं लाकडी स्टँड करण्याआधी थांबा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या 2000 सालच्या अभ्यासात उंचावरच्या भांड्यातून खाणाऱ्या मोठ्या जातींच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ पडण्याचा धोका जास्त आढळला होता. म्हातारपणी मान दुखत असेल तर आधी पशुवैद्यांना विचारा.

मनीचा दुसरा खांब मी तिच्या झोपायच्या जागेपासून दोन पावलांवर, सोफ्याच्या त्याच फाटलेल्या हाताशेजारी उभा केला. आता मधल्या वीतभर पट्ट्यात दोरीला झिपऱ्या आल्या आहेत. पाहुणे म्हणतात, दोरी बदल. मी सुटे झालेले लांब धागे कात्रीनं छाटते, बाकी दोरी तशीच ठेवते. नखाला तिथेच पकड मिळते, तिचा वासही तिथेच आहे, आणि पहाटे उठल्या उठल्या ती पंजे तिथेच रोवते.