जबड्याच्या ऑपरेशननंतर सांध्याचा स्कॅन: येताना जुनी सीडी घेऊन या

"ऑपरेशन होऊन वर्ष झालं, डॉक्टर म्हणतात सांध्याचं हाड झिजतंय. किती झिजलं तेवढं सांगा." आमच्या स्कॅन सेंटरच्या काउंटरवर हे वारंवार ऐकावं लागतं, म्हणून हे माहितीपत्रक.

खालचा जबडा पुढे आणताना सर्जन दोन्ही बाजूंचं हाड पापुद्रे सुटावेत तसं चिरतात, पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवतात. कानापुढच्या सांध्याला ते हातही लावत नाहीत. पण जबड्याची जागा बदलली की सांध्यावरचा भारही बदलतो. बहुतेकांचं हाड त्याला जुळवून घेतं. थोड्या जणांचं मात्र सांध्यातलं टोक, म्हणजे कॉन्डाइल, झिजून आखूड होतं. तरुण मुलींमध्ये हे जास्त दिसतं, त्यातही हनुवटी मुळात बरीच मागे असेल तर. साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत याकडे लक्ष ठेवावं लागतं. दुखेलच असं नाही. एक मुलगी आली होती, तिची तक्रार एवढीच की शेवयांचा उपमा पुढच्या दातांनी तुटत नाही. दाढा टेकत होत्या, पुढे फट पडली होती. दुखणं अजिबात नव्हतं.

आता मुद्द्याचं. झीज म्हणजे आधी होतं ते आता नाही. मग आधीचं दाखवल्याशिवाय ती मोजायची कशी? काहींचं कॉन्डाइल जन्मतःच बारीक असतं. एकाच स्कॅनवरून त्याला झीज म्हटलं, तर तुमचे सर्जन आम्हालाच फोन करतील आणि ते बरोबरच असेल. टोकावरची पांढरी कडा पुसट झाली आहे की पुन्हा नीट धरली आहे, हे आम्ही लिहितो; त्यावरून डॉक्टरांना अंदाज येतो. पण "किती" हे फक्त तुलनेतून कळतं.

आणि तुलनेसाठी लोक काय आणतात? फिल्म खिडकीसमोर धरून काढलेला मोबाइलमधला फोटो. त्यावर मिलिमीटर मोजता येत नाहीत. जुना ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एकच सपाट एक्स-रे, तोही चालत नाही, कारण डोकं जरा तिरकं असलं की त्यात माप बदलतं. लागते ती सीबीसीटीची, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी स्कॅनची, मूळ डायकॉम फाइल (मशीनमधून मापांसकट निघते ती), सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. ऑपरेशनआधीची एक आणि ऑपरेशननंतर लगेच काढलेली एक, अशा दोन्ही असतील तर उत्तमच. एका काकांनी लेकीची सीडी कबुतरं पळवायला बाल्कनीत टांगली होती. दोरा सोडवून आणली, पण उघडली नाही. मग जिथे आधी स्कॅन झाला होता तिथून फाइल मागवण्यात आठवडा गेला, आणि तोवर पुढची तारीखही हुकली.

"तुमच्याकडे रिपोर्ट लगेच का मिळत नाही?" स्कॅनला अर्धा मिनिटही लागत नाही, हे खरं. पण जुना आणि नवा स्कॅन कवटीच्या न बदललेल्या हाडावर एकमेकांवर बसवून दोन्ही सांधे वेगवेगळे मोजायचे, याला वेळ लागतो. म्हणून रिपोर्ट दुसऱ्या दिवशी देतो. तुलनेचे वेगळे पैसे घेत नाही. जुना स्कॅन आमच्याकडचा असेल तर सीडीही शोधावी लागत नाही, फाइल आम्ही जपून ठेवलेली असते.

डॉक्टरांची चिठ्ठी लागेलच, तिच्याशिवाय आम्ही स्कॅन करत नाही. कानातलं, चेन, पिना घरीच काढून या. जबड्यातल्या पट्ट्यांची काळजी नको, त्या असताना स्कॅन होतो. दातांना रबर लावलेले असतील तर ते काढायचे की ठेवायचे, हे डॉक्टरांनाच विचारून या. स्कॅनच्या वेळी दाढा नेहमीसारख्या टेकवायच्या. पुढची फट झाकायला हनुवटी पुढे ओढू नका. लाजून बरेच जण तसं करतात आणि मग सांधा जागेवर दिसत नाही.

सीडीवर चरे पडले असले तरी टाकू नका, घेऊन या. बऱ्याचदा आमच्या मशीनवर उघडते.