नसलेल्या दगडाचं वजन

फेब्रुवारी २०२२ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी रुबिडियम या धातूच्या अतिथंड अणूंनी गुरुत्वाकर्षण मोजणारं यंत्र वापरून जमिनीखालचा सुमारे २ मीटर रुंदीचा बोगदा शोधला. तेव्हापासून असं यंत्र जमिनीच्या आरपार ‘पाहतं’ असं म्हटलं जातं. पण ते पाहत नाही. जमिनीत कोणतीही लहर सोडत नाही. ते फक्त तोलतं, आणि मला भुरळ पडली ती या तोलण्याचीच.

शाळेत आपण गुरुत्वत्वरण ९.८ असं पाठ करतो. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात पायाखाली काय आहे त्यावर ती किंचित बदलते. चुनखडकाच्या एका घनमीटरचं वस्तुमान साधारण २६५० किलो असतं. खडकाच्या जागी गुहा असेल, तर ओढणारं तेवढं वस्तुमान तिथे नसतं.

समजा, ५ मीटर त्रिज्येची गोल गुहा आहे आणि तिचं केंद्र १५ मीटर खोल आहे. म्हणजे जवळपास १४०० टन दगड गायब! तरी वर फरक पडतो तो फक्त ४१ मायक्रोगॅलचा. (गॅल हे गॅलिलिओच्या नावाचं एकक, पृथ्वीचं एकूण गुरुत्वत्वरण सुमारे ९८ कोटी मायक्रोगॅल.) ६० किलोच्या माणसाचं वजन तिथे अडीच मिलिग्रॅमने घटेल. गुहेत पाणी भरलेलं असेल तर हा फरक २६ वर येतो. त्रिज्या १ मीटर असेल, तर कोरड्या गुहेचाही फरक अर्ध्या मायक्रोगॅलपेक्षा कमी, म्हणजे हाती काहीच लागत नाही.

नेहमीच्या गुरुत्वमापकात बारीक स्प्रिंगला वजन टांगलेलं असतं. यंत्र १ सेंटिमीटर वर धरलं तर आकडा ३ मायक्रोगॅलने घटतो. चंद्र-सूर्याच्या ओढीने तो दिवसभरात दोनशेहून जास्त मायक्रोगॅल वरखाली होतो. स्प्रिंगही हळूहळू सैलावते, म्हणून पुन्हा पुन्हा ठरावीक ठिकाणी परत येऊन मोजावं लागतं. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं, ती गुहा.

आता माझा आवडता भाग. गुहेच्या बरोबर माथ्यावर तूट सर्वांत जास्त असते. बाजूला सरकलात की अंतर वाढतं, शिवाय ओढ तिरकी होते आणि यंत्र तर फक्त उभा घटक मोजतं. दोन्ही परिणाम धरले, तर खोलीच्या सुमारे ०.७७ पट अंतरावर तूट निम्मी होते. म्हणून तूट जिथे निम्मी झाली तिथपर्यंतचं अंतर मोजा आणि १.३ ने गुणा: केंद्राची खोली मिळाली! गुहेची त्रिज्या किंवा खडकाची घनता माहीत असण्याची गरजच नाही. एक अट मात्र आहे: पोकळी गोलासारखी हवी. उथळ, पसरट पोकळीही असाच आलेख देऊ शकते, त्यामुळे मिळालेली खोली कमाल समजायची आणि खात्री छिद्र पाडूनच करायची.

दुबेळक्याची काठी घेऊन फिरणारे पाणाडेही पोकळ्या आणि झरे सांगतात. नियंत्रित चाचण्यांत त्यांचं यश योगायोगापेक्षा सरस ठरलेलं नाही. इथे मात्र छिद्र पाडण्याआधीच आकडा सांगावा लागतो, आणि तो चुकू शकतो.

अणूंच्या यंत्राची खुबी वजाबाकीतच आहे. एकावर एक असलेले अणूंचे दोन ढग एकाच लेसरने मोजले जातात. जमिनीचं थरथरणं दोघांनाही सारखंच जाणवतं, म्हणून ते वजा होतं. जवळची पोकळी मात्र खालच्या ढगावर वरच्यापेक्षा जास्त परिणाम करते, आणि तेवढाच फरक उरतो.

इंग्लंडमधल्या नॉर्थविच भागात जुन्या मिठाच्या खाणींवर त्याच त्या ठिकाणी ठरावीक काळाने नेहमीच्या, स्प्रिंगच्या गुरुत्वमापकाने मोजणी केली गेली. छत ढासळत जातं तशी पोकळी वर सरकते. गायब वस्तुमान तेवढंच राहिलं तरी आपल्या उदाहरणातलं केंद्र १५ वरून १२ मीटरवर आलं, की ४१ चे ६४ मायक्रोगॅल होतात. वरच्या जमिनीला तडाही गेलेला नसतो, तेव्हाच हा वाढलेला आकडा यंत्रावर दिसू शकतो.