अर्ध्या मिलिमीटरचे लाकूड
महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तिथून सव्वाशे किलोमीटरवर, त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, तो जेमतेम ५०० च्या आसपास असतो. हा फरक शेतकऱ्याच्या जितका कामाचा, तितकाच विनिअरचे, म्हणजे प्लायवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेले, कपाट करणाऱ्या सुताराच्याही कामाचा आहे.

झाड तोडले तरी लाकडाची हवेशी पाण्याची देवघेव थांबत नाही. एप्रिलच्या कोरड्या दुपारी लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सहा-सात टक्क्यांकडे घसरत असतो, तर घाटावरच्या जुलैत तो वीस टक्क्यांजवळ जाऊ शकतो. हे पाणी पेशींच्या भिंतींत शिरते. भिंतींतले सेल्युलोजचे धागे बहुतांशी लांबीच्या दिशेने असल्यामुळे लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, जे काही फुगायचे ते रुंदीला फुगते. सागवान हे तर फार कमी हलणारे लाकूड मानले जाते. तरीही ओलावा दहा टक्क्यांनी वाढला, तर सागाची फूटभर रुंदीची फळी सुमारे सहा मिलिमीटरने रुंदावते. पावसाळ्यात दारे चौकटीत अडकतात ती याच कारणाने.

विनिअर म्हणजे अशाच लाकडाचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पापुद्रा. ओंडका गरम पाण्यात किंवा वाफेत मऊ करून त्याचे काप काढतात, तेव्हा पात्याकडच्या बाजूला बारीक चिरा पडतात. पापुद्रा हातात घेऊन तंतूंच्या दिशेने सुरळी करू पाहावे: एका बाजूने तो सहज वळतो, दुसऱ्या बाजूने कुरकुरतो. सहज वळताना जी बाजू बाहेर राहते, ती चिरांची. शक्यतो ती खाली, गोंदाकडे ठेवावी, कारण वर राहिलेल्या चिरा पुढे पॉलिशमधून डोकावतात.

गोंदाची गोष्ट मुख्यतः पाण्याचीच आहे. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद म्हणजे पाण्यात विखुरलेले पॉलिव्हिनाइल अॅसिटेटचे कण, आणि त्यात साधारण निम्मे पाणी असते. आठ बाय चार फुटांच्या एका शीटला अर्धा किलो गोंद लागतो असे धरले, तर त्यासोबत पाव लिटर पाणीही लाकडात जाते. त्या शीटवरच्या पापुद्र्याचे स्वतःचे वजन किलोभरच भरते! निम्मे पाणी खालच्या प्लायने शोषले, तरी पापुद्र्याचा ओलावा बारा-तेरा टक्क्यांनी चढतो. तो रुंदीला फुगतो, त्याच फुगलेल्या अवस्थेत दाबाखाली चिकटतो, आणि पुढे वाळताना आकसू पाहतो. पण प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे प्लाय त्याला आकसू देत नाही. हा ताण कुठेतरी निघणारच. तो उन्हाळ्यात तंतूंच्या रेषेत केसासारख्या तड्यांच्या रूपाने किंवा उघडलेल्या सांध्यांतून दिसतो. म्हणून जाणता कारागीर गोंद प्लायला लावतो, पापुद्र्याला नाही. तो पातळ आणि एकसारखा लावतो, आणि विनिअर दोन-तीन दिवस आधी त्याच खोलीत आणून ठेवतो. प्लायच्या मागच्या बाजूलाही पापुद्रा लावला नाही, तर एकाच बाजूच्या ओढीने दार पळीसारखे वाकते.

जुने सुतार यासाठी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला सरस गरम करून वापरत. इजिप्तमध्ये रेखमिरे या वजिराच्या थडग्यातील, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीच्या भित्तिचित्रात सरसाचे भांडे आणि पापुद्रा बसवणारे कारागीर दिसतात. कामाची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

साताऱ्यातील आमच्या घरच्या कपाटाला दुसऱ्याच ऑगस्टमध्ये तळहाताएवढा फुगा आला. नाण्याने ठोकत गेल्यावर इतरत्र भरीव आणि तिथे पोकळ आवाज आला. तिथे गोंद पोहोचलाच नव्हता. कपाट मी जानेवारीत पारखून घेतले होते, आणि जानेवारीत असा भाग सपाटच दिसतो. पापुद्रा हवेतला ओलावा पिऊन रुंदावल्यावरच तो वर उचलला जातो.

पॉलिशच्या कामात पहिला धोका काचकागदाचा. कडेला तो जरा जास्त फिरला की खालचा प्लाय उघडा पडतो, आणि त्यावर उपाय नाही. दुसरा धोका पृष्ठभागावर झिरपलेल्या गोंदाचा. तो रंग शोषू देत नाही. स्टेन लावल्यावर फिकट डाग उमटतात, म्हणून आधीच स्पिरिटचा बोळा फिरवून ते शोधावेत. तिसरा धोका लोखंडाचा. ओक, अक्रोड अशा टॅनिनयुक्त (टॅनिन म्हणजे तुरट द्रव्य) लाकडांवर ओल्या हाताने लोखंडी तारेचा घासा फिरवला की निळसर काळे डाग पडतात. महाबळेश्वरच्या जंगलातल्या टॅनिनयुक्त हिरड्यात हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घालून शाई करत, तीच ही रासायनिक क्रिया. लाखेचे पॉलिश असो, मेलामाइन असो वा पीयू (पॉलियुरेथेन), कोणताही लेप बाष्प पूर्णपणे अडवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतो; त्यामुळे दाराच्या आतल्या बाजूला आणि चारही कडांना लेप न लावणे ही काटकसर नव्हे, चूक आहे.

तो फुगा शेवटी डिसेंबरमध्ये बसवला. तंतूंच्या रेषेत ब्लेडने चीर दिली, सिरिंजने थोडा गोंद आत सोडला आणि वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली, कारण पांढरा गोंद उष्णतेने मऊ होतो आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट धरतो. नंतर रात्रभर वर फळी ठेवून शिकंजा आवळला. चीर तंतूंच्या रेषेत लपली आहे. बाजूच्या जरा फिकट पॉलिशवरून मात्र जागा ओळखू येते.