न्हाणीघर नव्याने करताय? फोडायच्या आधी हे वाचा

आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते जुलैत. "गणपतीला मुंबईची मंडळी येतायत, तेवढ्यात बाथरूमचं उरकून द्या." उरकून देता येतं, पण टिकेल याची खात्री देता येत नाही. आपल्या कोकणात भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. जांभा सच्छिद्र, पाऊस लागला की पाणी पितो. पाणी प्यालेल्या भिंतीवर वॉटरप्रूफिंगचा थर धड धरत नाही आणि टाइल्समागची ओल वर्षभर हटत नाही. एप्रिल-मे म्हणाल, तर विहिरी तळाला गेलेल्या असतात. गिलाव्याला मारायला पाणी कुठून आणायचं? म्हणून गणपतीत सगळे घरात असतील तेव्हा एकत्र बसून ठरवा आणि दिवाळीनंतर काम काढा. एका बाथरूमला साधारण तीन आठवडे धरा. घरात दुसरी सोय नसेल तर परसातली जुनी न्हाणी आधी वापरण्याजोगी करून घ्या.

टाइल्सचं दुकान शेवटी

ग्राहक येतात ते मोबाइलमधे टाइल्सचे फोटो घेऊनच. आमचा पहिला प्रश्न मात्र असतो: पाणी जाणार कुठे? नहाणी ट्रॅप (जमिनीतलं सांडपाणी जाण्याचं तोंड) कुठल्या कोपऱ्यात, संडासाची लाइन किती लांब, सेप्टिक टँक कुठे. शोषखड्डा नवा काढायचा असेल तर विहिरीपासून निदान साठ फूट लांब, यावर आम्ही तडजोड करत नाही. जमिनीला उतार फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा उतार खालच्या कोब्यातच मिळाला पाहिजे, टाइल्स बसवताना मसाल्यात वर-खाली करून नव्हे.

वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅपच्या तोंडात बोळा घालून आम्ही दोन-तीन इंच पाणी भरतो आणि भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीची खूण करतो. ४८ तास त्या खोलीत कुणी जायचं नाही. तिसऱ्या दिवशी खूण तुम्ही स्वतः बघा, खालचं छत आणि पलीकडची भिंतही बघा. केसभर पाणी हवेत उडतं, त्याची काळजी नको. बोटभर उतरलं असेल तर टाइल्स थांबल्या. हे दोन दिवस वाचवा असं आम्हाला सांगू नका.

आमची एक चूकही सांगतो. एका घरात कमोडच्या पाइपचं मध्य आम्ही कच्च्या भिंतीपासून बारा इंचांवर घेतलं. गिलावा आणि टाइल्स मिळून दीड-दोन इंच खाल्ले आणि नवा कोरा कमोड टाकीसकट भिंतीला अडला. जमीन पुन्हा फोडली, आमच्या खर्चाने. तेव्हापासून कमोडचं मॉडेल ठरल्याशिवाय आम्ही फोडायला हात लावत नाही आणि माप तयार भिंतीपासून धरतो.

खारी हवा, मचूळ पाणी

किनाऱ्याला चकचकीत स्वस्त नळ वर्षा-दोन वर्षांत पुटकुळ्या धरतो. नळ पितळेचा, वजनाला जड घ्या. टॉवेल रॉड, बिजागऱ्या, अगदी स्क्रूसुद्धा ३०४ ग्रेडच्या स्टीलचे. समुद्र अगदी दारात असेल तर ३१६. रेती खाडीची असेल तर ती नीट धुतलेली आहे का ते विचारा, नाहीतर भिंतीला पांढरा लोणा फुटतो. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ होत असेल तर गिझरमधला अॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) लवकर झिजतो. तो दरवर्षी उघडून बघायचा. दरवाजा लाकडी नको, पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला) घ्या.

गिझरला बोर्डापासून वेगळी वायर, १६ अँपिअरचा पॉइंट आणि बटण बाथरूमच्या बाहेर. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. चिऱ्याच्या कातळात अर्थिंग उन्हाळ्यात कमकुवत होतं, हे वायरमनला बजावून सांगा.

घरात आजी-आजोबा असतील तर दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. आधाराची दांडी आता नको असेल तरी तिच्या जागी भिंत भक्कम करून ठेवतो; चिऱ्यात नंतर ठोकलेला खिळा हलतो. जमिनीच्या टाइल्स मॅट आणि लहान, एक बाय एक फुटाच्या बऱ्या. उतार त्यांनाच नीट पेलतो. आणि एक पेटी जादा घ्या. पुढच्या वर्षी त्याच नावाची टाइल मिळेल, पण तोच रंग मिळेल असं नाही.

मजुरी आणि सामान यांचा अंदाज आम्ही वेगवेगळा लिहून देतो. सामान तुम्ही आणलंत तरी चालेल, फक्त कमोड, बेसिन आणि डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा, भिंतीत बसणारा भाग) काम सुरू व्हायच्या दिवशी घरात हवेत. जागा बघायला येऊ तेव्हा सेप्टिक टँकचं झाकण कुठे आहे ते माहीत असलेलं माणूस घरी असू द्या. दहातल्या चार घरांत ते तुळशीच्या आसपास कुठेतरी मातीखाली असतं आणि अर्धा दिवस ते शोधण्यातच जातो.