बारा विमानं, सहासष्ट जोड्या

२५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याजवळच्या नव्या नवी मुंबई विमानतळावर प्रवासी विमानं उतरायला लागली आणि नवी मुंबईत एक वाक्य सारखं कानावर येतं: "आता दोन विमानतळ झाले, विमानं लेट होणार नाहीत." धावपट्टी वाढली हे खरं. पण सांताक्रूझचा जुना मुंबई विमानतळ ते नवी मुंबई विमानतळ हे सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आसपासचं अंतर उतरतीला लागलेलं विमान तीन-सव्वातीन मिनिटांत कापतं. आकाश दोघांचं एकच. ते सांभाळतात एअर ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून वैमानिकांना वाट सांगणारी माणसं, आणि त्यांचा तुटवडा अनेक देशांत आहे. अमेरिकेत नोव्हेंबर २०२५ मध्ये शटडाऊनच्या, म्हणजे सरकारी कामकाज ठप्प असण्याच्या, काळात कंट्रोलर इतके कमी पडले की ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं सरकारलाच कमी करावी लागली.

एखादा माणूस कमी असला तर एवढं काय बिघडतं? यामागचं गणित फार सुंदर आहे. कंट्रोलर नुसती विमानं बघत नाही, जोड्या बघतो: कुठली दोन एकमेकांच्या वाटेत येतील? विमानं ६ असतील तर जोड्या १५. विमानं दुप्पट झाली की जोड्या थेट ६६: १२ गुणिले ११, भागिले २. म्हणून गर्दी वाढली की आकाशाचा तो तुकडा, म्हणजे सेक्टर, दोघांत वाटतात. प्रत्येकाकडे १५ जोड्या उरतात; सीमेवर विमान एकमेकांकडे सोपवायचं काम तेवढं वाढतं. पाळीला माणूस नसला की दोन्ही सेक्टर पुन्हा एकाच्या गळ्यात. उंचीत १००० फुटांचा फरक असलेल्या जोड्या सहसा बाद होतात, पण बाद करायलाही आधी बघावं लागतंच. समोरासमोर येणारी, प्रत्येकी ४५० नॉट (ताशी सुमारे ८३३ किलोमीटर) वेगाची दोन जेट ५ नॉटिकल मैलांचं (सुमारे ९ किलोमीटर) अंतर २० सेकंदांत संपवतात. तेवढ्यात सूचना द्यायची, वैमानिकाने ती परत म्हणून दाखवायची आणि विमान वळायचं. म्हणून माणसं कमी असली की विमानंच कमी घेतात, आणि आपण गेटवर ताटकळतो.

"एआय करेल की सगळं" असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. धोक्याच्या जोडीचा इशारा संगणक आजही देतो. पण पावसाळ्यात पाच वैमानिक एकाच वेळी ढगाला वळसा मागतात, तेव्हा कोणाला आधी वळू द्यायचं याची जबाबदारी माणसालाच घ्यावी लागते.

अशी माणसं भरतीची जाहिरात काढून लगेच मिळत नाहीत. आपल्याकडे फिजिक्स-गणित घेऊन बीएस्सी झालेली किंवा इंजिनिअर झालेली मुलं घेतात, प्रयागराज, हैदराबाद, गोंदियाला शिकवतात. पुढे नेमणुकीच्या जागेचं रेटिंग, म्हणजे तिथे काम करायचा परवाना, प्रत्यक्ष कामावर मिळवावं लागतं. नागपूरहून बदलून आलेला मुरलेला कंट्रोलरही मुंबईचं रेटिंग मिळेपर्यंत एकटा बसू शकत नाही. आणि त्याच्या शेजारी बसून शिकवणारा अनुभवी माणूस काढायचा तो त्याच अपुऱ्या पाळीतून.