श्वास सोडताना अडतं, तेव्हा मशीन कसं निवडायचं?

"मास्क लावला की श्वास घेता येतो, पण सोडता येत नाही." स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या आजारासाठी, नवं सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं) मशीन आणलेल्या माणसाची पहिल्या काही रात्रींतली तक्रार बहुधा हीच असते. घरचे म्हणतात सवय होईल, दुकानदारही तेच म्हणतो, आणि बऱ्याच घरांत काही आठवड्यांनी मशीन कपाटात जाऊन बसतं. मला हे फार खटकतं. ही तक्रार मनाचे खेळ नाहीत आणि तिच्यावरचा उपाय बहुतेक मशीनमध्येच दिलेला असतो. तो काय आहे आणि कोणत्या मशीनमध्ये कसा वागतो, हे घेण्याआधी समजून घेतलं पाहिजे.

श्वास आत घेताना श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू राबतात. शांतपणे श्वास सोडताना मात्र जवळजवळ काहीच करावं लागत नाही. ताणलेलं फुप्फुस आपोआप आक्रसतं आणि हवा बाहेर पडते. सीपॅप हा हिशोब बदलून टाकतं. झोपेत सैल पडलेला घसा मिटू नये म्हणून ते सतत दाबाने हवा आत ढकलत असतं. साहजिकच श्वास घेणं सोपं होतं आणि सोडताना समोरून येणाऱ्या हवेशी झगडावं लागतं.

हा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. घरगुती मशीनचा पल्ला साधारण ४ ते २० सेंटिमीटर. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का, म्हणून तो किरकोळ वाटतो. पण एका उंच ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक १० सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंकून बुडबुडे काढा. जो अडथळा जाणवेल, तोच या दाबावर प्रत्येक उच्छ्वासाला असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात तो 'बबल सीपॅप' याच तत्त्वावर चालतो; त्यात उच्छ्वासाच्या नळीचं टोक ठरावीक सेंटिमीटर पाण्यात बुडवलेलं असतं.

सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पाच ॲप्निया रुग्णांवरचा सीपॅपचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा गंभीर ॲप्नियावरचा खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला छिद्र पाडणं हाच होता. त्यापुढे उच्छ्वासाचा त्रास कोण मोजणार? पण मशीन घरोघरी गेलं आणि वर्षानुवर्षं वापरायची वेळ आली, तसा हा त्रास महत्त्वाचा ठरला. मग कंपन्यांनी श्वास सोडताना दाब थोडा उतरवण्याची सोय, म्हणजे दाबातली सवलत, आणली.

इथेच ग्राहकाची फसगत होते. रेसमेड कंपनीच्या मशीनवर या सोयीचं नाव 'ईपीआर', तर फिलिप्स रेस्पिरॉनिक्सच्या मशीनवर 'सी-फ्लेक्स'. दोन्हीकडे १, २, ३ असे टप्पे, त्यामुळे दोन्ही सारखेच वाटतात. तसं नाही. ईपीआरमधला ३ म्हणजे खरोखर ३ सेंटिमीटर. दाब ११ असेल तर श्वास सोडताना तो ८ वर येतो आणि पुढचा श्वास सुरू होईपर्यंत साधारण तिथेच राहतो. सी-फ्लेक्समधले आकडे सेंटिमीटरचे नाहीत. तुम्ही किती जोरात श्वास सोडता त्याच्या प्रमाणात दाब उतरतो आणि उच्छ्वास संपायच्या आत पुन्हा वर चढतो. काहींना पहिला प्रकार मोकळा वाटतो. काहींना त्यातच मशीन आपल्याला घाईने पुढचा श्वास घ्यायला लावतंय असं वाटतं आणि दुसरा बरा वाटतो. कोणता चांगला हे माहितीपत्रकावरून ठरत नाही, तुमच्या श्वासाच्या लयीवरून ठरतं.

आणखी एक बारकावा. ही मशीन्स ४ सेंटिमीटरच्या खाली जात नाहीत. तुमचा दाबच ५ असेल तर ईपीआर ३ वर ठेवूनही सवलत मिळणार एकाच सेंटिमीटरची. अशा माणसाने या सोयीसाठी महागडं मॉडेल घेण्यात अर्थ नाही. उलट कमी दाबावर तक्रार वेगळीच असू शकते. पुष्कळ ऑटो मशीन्स (गरजेनुसार दाब आपोआप कमी-जास्त करणारी) ४ वरून सुरू होतात आणि मोठ्या माणसाला तिथे हवा अपुरी पडल्यासारखं, कोंडल्यासारखं होतं. त्यावर उपाय सुरुवातीचा दाब थोडा वाढवणं हा आहे, सवलत वाढवणं नव्हे. म्हणून डॉक्टरांना नुसतं "गुदमरतं" सांगू नका. घेताना गुदमरतं की सोडताना, झोप लागायच्या आधी की मध्यरात्री जाग आल्यावर, हे नीट सांगा. नाक चोंदलेलं असेल किंवा मास्क गळत असेल तर कुठल्याच आकड्याने आराम पडणार नाही.

सवलतीची किंमतही असते. घसा उघडा ठेवतो तो दाबच, आणि तो आपण श्वास सोडताना कमी करतो. उच्छ्वासाच्या शेवटी घसा मिटण्याचा धोका अधिक असतो. श्वास थांबल्याचं कळलं की रेसमेडचं मशीन सवलत तात्पुरती थांबवतं, तरी बदल केल्यावर आठवडाभर एएचआय, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला तो आकडा, बघायलाच हवा. तो ५ च्या आत राहिला तर ठीक. वर सरकला तर डॉक्टर सवलत कमी करतील किंवा मूळ दाब वाढवतील. सोडतानाचा दाब पुरेसा राहिला म्हणजे झालं.

या सोयीने लोक मशीन जास्त तास वापरतात का? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात त्याचा ठोस पुरावा सापडला नाही. याचा अर्थ सोय निरुपयोगी आहे असा मी घेत नाही. सरासरीत न दिसणारा फरक एखाद्याला पहिल्याच रात्री जाणवू शकतो. पण केवळ तेवढ्यासाठी कुणी दुप्पट किमतीचं बायपॅप गळ्यात मारत असेल तर सावध व्हा. घेताना एक आणि सोडताना दुसरा असे दोन स्वतंत्र दाब देणारं हे यंत्र मुख्यतः फार जास्त दाब सोसत नाही अशांसाठी, किंवा लठ्ठपणामुळे अथवा फुप्फुसाच्या आजारामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो अशांसाठी असतं. साध्या ॲप्नियात सुरुवात सीपॅप किंवा ऑटो सीपॅपनेच करतात.

तेव्हा आधी भाड्याने घ्या. दुकानात खुर्चीवर बसून दोन मिनिटं मास्क लावण्याला चाचणी म्हणत नाहीत. आडवं होऊन, स्वतःच्या मास्कवर, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या दाबावर झोपून बघा. एक रात्र सवलत बंद, पुढच्या रात्री चालू. बिलावर दाब उतरवणाऱ्या सोयीचं नाव लिहून घ्या, कारण एकाच कंपनीच्या स्वस्त मॉडेलमध्ये ती नसूही शकते. जुनं मशीन घेणार असाल तर मॉडेल आणि सिरीयल नंबर तपासा. आवाज कमी करणारा आतला फोम झिजून श्वासावाटे शरीरात जाण्याच्या धोक्यामुळे फिलिप्सने जून २०२१ मध्ये आपली लाखो मशीन्स परत मागवली होती आणि पहिल्या पिढीचं ड्रीमस्टेशन हे मॉडेल त्यातलंच.