पाठीवरच्या टाकीत नुसता ऑक्सिजन नसतो

स्वतः शिडाची बोट चालवत बेटाबेटांवर डायव्हिंग करायचं ठरलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ऑक्सिजनच्या टाक्या भरून घ्या." शब्द इतका रुळलाय की खरा वाटतो. पण साध्या स्कूबा टाकीत असते ती आपण आत्ता घेतोय तीच हवा, गाळून, कोरडी करून दाबलेली. त्यात ऑक्सिजन साधारण 21 टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन.

शुद्ध ऑक्सिजन का नाही? पाण्याच्या पृष्ठभागावर हवेचा दाब सुमारे 1 बार (दाबाचं एकक) असतो, आणि समुद्रात दर 10 मीटरला तो आणखी सुमारे 1 बारने वाढतो. या एकूण दाबातला ऑक्सिजनच्या वाट्याचा दाब 1.6 बारच्या वर गेला की झटके येण्याचा धोका असतो, आणि पाण्यात झटका म्हणजे तोंडातून रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासासाठी देणारं साधन) सुटणं. शुद्ध ऑक्सिजनने ही मर्यादा 6 मीटरवरच गाठली जाते. साध्या हवेने 30 मीटरवरही तो 0.84 बारच भरतो.

पडताळायचं असेल तर बोटीवरचा कॉम्प्रेसर (टाकीत हवा दाबून भरणारं यंत्र) चालू असताना बघा. ऑक्सिजनचा सिलिंडर कुठेच जोडलेला नसतो. एक नळी उघड्या हवेत सोडलेली असते. (ती इंजिनाच्या धुरापासून लांब, वारा येतो त्या बाजूला हवी. नांगरलेली बोट वाऱ्याबरोबर फिरते, म्हणून अधूनमधून बघत राहावं.) ऑक्सिजनची टक्केवारी मोजणारा अ‍ॅनालायझर टाकीच्या झडपेला लावला तर आकडा 21च्या आसपास दिसतो. 32 किंवा 36 दिसला तर ते नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण. त्याचं प्रशिक्षण वेगळं, खोलीची मर्यादाही कमी.